‘येते’ म्हणून गेली

माझी पाच वर्षांची मुलगी इरा एकदा पाऊण तास हरवली होती. हा पाऊण तास ती आमच्याच घरात, आमच्याच पलंगावर, माझंच पांघरूण घेऊन बसली होती. तिला शोधायला आम्ही मात्र अख्खी गल्ली, एक पोलीस आणि एक कुत्रा कामाला लावला होता. (कुत्रा स्वखुशीने आला होता.)

चूक कोणाची, ते पुढे येईलच. त्या वेळी मी ती माझी सोडून सगळ्यांची आहे असं धरून चालले होते, कारण मी रागात होते. तशी कॅनडात, एडमंटनला आल्यापासून मी रागातच आहे. सकाळी पोरीला शाळेत धाडायचं म्हणजे आधी स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, मग टोपी, मग मिटन्स. आणि दुसरा मिटन हातात गेला रे गेला, की ती शांतपणे सांगते, ‘‘आई, वॉशरूम.’’ झालं! पुन्हा सगळं उलटीकडून! धावत बाहेर पडावं तर उणे पंचवीस, नाकातले केस गोठलेले, आणि समोरून येणारा माणूस हसून म्हणतो, ‘‘ब्यूटिफुल डे, इझन्ट इट?’’ अशा माणसावर ओरडायचं तरी काय? आमच्या नागपुरात निदान समोरचाही ओरडतो, दोघांचंही पोट साफ होतं. इथे सगळे इतके गोड, की राग आत साचत जातो आणि घरी येऊन नवऱ्यावर निघतो. (नवरा, मंदार, पुण्याचा आहे. त्याला त्यातले शुद्धलेखनाचे दोष दिसतात.)

या गोड माणसांतली सगळ्यात गोड म्हणजे डॉना. आमच्या टाउनहाउसची आणि तिची भिंत एकच. सत्तरीची, एकटी, पूर्वी शाळेची बस चालवायची. साडेतीनला ती इराला बसमधून उतरवून घ्यायची आणि मी ऑफिसातून येईपर्यंत, म्हणजे सव्वापाचपर्यंत, आपल्याकडे ठेवायची. शाळेनंतरच्या पाळणाघरात आम्ही नाव घातलं होतं, पण वेटिंग लिस्ट अशी, की नंबर लागेपर्यंत इराला तिथे स्वतःची मुलं ठेवता आली असती. थोडक्यात, डॉना होती म्हणून माझी नोकरी होती. डॉनाने उद्या ‘नको बाई’ म्हटलं असतं तर मी घरी बसले असते, आणि मी दिवसभर घरी बसणं कोणालाच परवडलं नसतं.

आता मूळ भानगड. आदल्या रविवारी इरा व्हिडिओ कॉलवर माझ्या आईशी बोलत होती. बोलून झाल्यावर पोरीने सरळ सांगितलं, ‘‘आजी, मी जाते. बाय!’’ आणि फोन बंद!

माझं डोकंच फिरलं. ‘‘काय म्हणालीस? जाते? असं अभद्र बोलतात का?’’

‘‘व्हॉट डिड आय डू?’’

‘‘जाते म्हणायचं नाही! कधीच नाही! कोणाकडूनही निघताना ‘येते’ म्हणायचं!’’

‘‘बट आय ॲम नॉट कमिंग. आय ॲम गोइंग.’’

‘‘तरी येते म्हणायचं.’’

‘‘इज दॅट लाइंग?’’

‘‘नाही. ते मराठी आहे!’’

तिकडून आईने परत फोन लावला होता. ‘‘कशाला ओरडून राहिली लेकरावर?’’ म्हणाली. मी तिच्यावरही ओरडले. संस्कार म्हणजे काय खायची गोष्ट आहे? मी इराकडून दहा वेळा ‘येते’ घोटून घेतलं. मंदार म्हणाला, ‘‘अगं, पण नेमकं कधी, कुठे, ते तरी समजावून सांग तिला.’’ मी म्हटलं, ‘‘सगळीकडे! सगळ्यांना! कळलं, इरा? गोइंग हा शब्द मला पुन्हा ऐकू आला नाही पाहिजे!’’

पोरगी माझी आहे. तिने ते मनावर घेतलं.

गुरुवारी सव्वापाचला मी डॉनाच्या दारात उभी राहिले. ऑफिसात एका मॅनेजरने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं होतं, त्यामुळे मी वाटेतच तापले होते.

‘‘इरा तयार आहे ना?’’

‘‘हो हो, येतेच आहे,’’ डॉना म्हणाली. ‘‘शी सेड शी इज कमिंग.’’

मी उभी राहिले. जॅकेटात घाम फुटायला लागला. दोन मिनिटं गेली. मी आत तोंड घालून हाक मारली, ‘‘इरा! चल!’’

उत्तर नाही.

‘‘मघाशीच ओरडून सांगितलं तिने, आय ॲम कमिंग म्हणून,’’ डॉना बेसमेंटच्या जिन्याकडे बघत म्हणाली. ‘‘मी कुकीज काढून ठेवल्यात, वाट बघतेय.’’

‘‘मघाशी म्हणजे कधी?’’

डॉनाने घड्याळाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. ‘‘वीस मिनिटं झाली असतील.’’

कुकी समोर असताना माझी मुलगी वीस मिनिटं येत नाही? मी बुटांसकट आत घुसले. (डॉनाच्या पांढऱ्या गालिच्यावरून. पुढेही बरंच काही व्हायचं होतं, म्हणून ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.) बेसमेंट रिकामं. वॉशरूम रिकामी. दाराशी इराचे बूट नाहीत, जॅकेट नाही, स्नोपँट नाही!

बाहेर उणे चोवीस! आणि मला भीती वाटली की मी रडत नाही, भडकते.

‘‘पाच वर्षांची मुलगी दार उघडून जाते आणि तुला पत्ता नाही?’’ इथपर्यंत मी इंग्रजीत होते. ‘‘कैसे हो सकता है ये?’’ मग हिंदी, आणि मग गाडी थेट नागपुरात. ‘‘कुठी गेली माझी पोरगी? सांगून ठेवते, तिला काही झालं ना, तर मी कोणाला सोडणार नाही!’’ डॉना बिचारी छातीशी हात घेऊन ऐकत होती. मध्येच म्हणाली, ‘‘आय ॲम सो सॉरी, डिअर,’’ आणि तिने पोलिसांना फोन लावला.

मी रस्त्यावर आले आणि बोंब ठोकली. समोरच्या घरातले पंजाबी शेजारी, आमचे पाजी, बर्फ उपसत होते, ते फावडं टाकून धावले.

‘‘भाभीजी, क्या हुआ?’’

‘‘इरा नहीं मिल रही!’’

‘‘घर में देखा?’’

‘‘घर पे कोई नहीं है! मंदार सात बजे आता है! घर में कैसे देखूँ?’’ मी अशी काही अंगावर गेले, की पाजींनी मुकाट्याने कोपऱ्यापर्यंत जाऊन सगळ्यांच्या गाड्यांखाली बघायला सुरुवात केली. आता सांगायला हरकत नाही, त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीत अक्कल असलेला हा एकच प्रश्न विचारला गेला होता.

मंदारला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाही! मुलगी बर्फात हरवलीय आणि हा माणूस फोन उचलत नाही! मी त्याला अकरा मेसेज पाठवले. शेवटच्या तिनांत फक्त उद्गारचिन्हं होती.

एवढ्यात पोलिसांची गाडी आली. पोलीस ताडमाड, कोवळा आणि अर्थातच गोड. त्याने वही काढली. ‘‘तिचे शेवटचे शब्द काय होते, मॅम?’’

डॉना डोळे पुसत म्हणाली, ‘‘मी वर होते. ती खिडकीशी खेळत होती. मग खालून ओरडली, ‘डॉना, आय ॲम कमिंग! बाय!’ मला वाटलं, वरच येतेय.’’

‘‘कमिंग म्हणाली आणि बाय म्हणाली?’’ पोलिसाने विचारलं. ‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही. जरा विचित्र वाटलं मला.’’

मला विचित्र वाटलं नाही. मला रविवारचा ‘येते’चा धडा आठवला. पोलीस ‘कमिंग’ या शब्दाखाली रेघ मारत होता, पाजी चौथ्या गाडीखाली आडवे झाले होते, कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता, आणि या सगळ्यांत उत्तर मला एकटीला ठाऊक होतं. सांगायचं ना मग? पण आत्ताच जिच्या अंगावर मी तीन भाषांत धावून गेले होते, ती समोर रडत उभी होती! खोटं कशाला बोलू, मी चांगलं अर्धं मिनिट गप्प उभी राहिले.

‘‘मी जरा घरात बघून येते,’’ मी शेवटी पुटपुटले.

त्याची गरज पडली नाही. आमचं दार उघडलं. दारात इरा, पायात मोजे, बगलेत टॅबलेट.

‘‘आई! पोलीस कार! कूल!’’

मी तिला छातीशी असं आवळलं की ती ‘‘आऊच’’ म्हणाली. आणि मग, पोरगी धडधाकट आहे याची खात्री पटताच, मी तिच्यावर ओरडले. ‘‘न सांगता कशी निघून आलीस?’’

‘‘आय टोल्ड!’’ इराचा आवाज माझ्यावर गेला आहे, तो शेवटच्या घरापर्यंत पोचला. ‘‘बाबाची कार दिसली म्हणून आय वेंट! आय सेड आय ॲम कमिंग! यू सेड नेव्हर से गोइंग! यू सेड सगळीकडे, सगळ्यांना!’’

एवढ्यात तिच्यामागे मंदार उगवला. कानात ते इयरफोनचे पांढरे बोळे. ‘‘काय झालं? मी खाली मीटिंगमध्ये होतो.’’ हा शहाणा त्या दिवशी नेमका लवकर आला होता. गॅरेजचं दार खाली येता येता पोरगी त्याच्या मागून आत शिरली, पण हा बोळे घालून बोलत बोलत तसाच बेसमेंटमध्ये उतरला! आणि पोरीने संधी साधून, वर जाऊन, टॅबलेट लावला!

पोलिसाला सगळं समजावून सांगावं लागलं. निघतानाही आमच्याकडे येते म्हणतात, हे मी त्याला सांगत होते आणि त्याच्या वहीतलं पेन हवेतच थांबलं होतं. शेवटी तो म्हणाला, ‘‘सॉरी अबाउट दॅट, मॅम.’’ पाजी गुडघ्यांवरचा बर्फ झटकत म्हणाले, ‘‘सॉरी जी.’’ डॉना तर केव्हाची सॉरी म्हणत होती. चूक माझी आणि सॉरी सगळे म्हणतायत! मला सॉरी म्हणायला जागाच ठेवली नाही, याचाही मला राग आला. मी इराला उचललं आणि तरातरा घरात गेले.

दोन दिवस मी जळत होते. शुक्रवारी सुट्टी टाकून इराला घरीच ठेवलं. मंदार म्हणाला, ‘‘माफी माग, नाहीतर सोमवारी इराला तुझ्याबरोबर ऑफिसात ने.’’ शनिवारी सकाळी मी सांबारवडी केली. (पुण्यात तिला कोथिंबिरीची वडी म्हणतात. म्हणोत.) ताटली आणि इरा घेऊन डॉनाच्या पायरीवर उभी राहिले. भाषण आरशासमोर पाठ केलं होतं.

‘‘डॉना, त्या दिवशी मी तुझ्यावर फार ओरडले. मी रागात होते. चूक माझी होती. तू इराला सांभाळणं बंद केलंस तरी मी समजू शकते.’’

डॉना वडी चघळता चघळता थांबली. ‘‘यू वेअर अँग्री?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मला वाटलं, तू घाबरली आहेस आणि मदत मागते आहेस,’’ ती म्हणाली. ‘‘बाकी आवाजाचं इराने मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. शाळेत मुलांना शिकवतात ना, घरात बोलायचा इनसाइड व्हॉइस, बाहेर खेळताना आउटसाइड व्हॉइस. ती म्हणाली, माझ्या आईला इनसाइड व्हॉइस आलाच नाही. शी वॉज बॉर्न विदाउट वन.’’

इराने गंभीरपणे मान हलवली.

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा संताप! तीन भाषांतला! आणि या बाईने तो माझ्या तब्येतीची तक्रार म्हणून ऐकून घेतला होता!

‘‘ऑफ कोर्स आय वॉज अँग्री!’’ मी ओरडले.

‘‘आय नो, डिअर,’’ डॉनाने माझा हात थोपटला आणि दुसरी वडी उचलली. ‘‘मग सोमवारी साडेतीनला, नेहमीसारखं?’’

मी ‘हो’ म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण रस्त्यापलीकडून, बंद खिडकीआडून, पाजींनी हात हलवला.