दिवाळसणाला मोटार

माझ्या सासऱ्यांचं माझ्याबद्दल वाईट मत नव्हतं. मतच नव्हतं. दिग्रसच्या कापूसबाजारात त्यांची अडत होती. कापसाच्या ढिगात हात खुपसून ओल किती, कचरा किती, हे ते डोळे मिटून सांगायचे. लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझ्याकडे तसंच एकदा पाहिलं आणि विचारलं, "काय करून राह्यले सध्या?"

"यवतमाळला वकिली करतो."

"ते झालं. पन कामधंदा?"

(तरीही मुलगी दिली, हा त्यांचा मोठेपणा!)

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता, आणि आता आपणही काहीतरी मोठं करावं अशी मला हुक्की आली होती. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी बदली होऊन निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली. चार सिलिंडर, चार दारं (पैकी तीन उघडायची) आणि भोंगा असा की म्हशीसुद्धा वळून बघायच्या. भाद्रपदात सासरे कोर्टाच्या कामासाठी यवतमाळला आले. (माझ्याकडे नाही. दुसऱ्या वकिलाकडे!) त्यांनी मोटारीला एक फेरी घातली आणि बैलाच्या पाठीवर मारतात तशी बॉनेटवर थाप मारली.

"जवाईबापू, हे चालते काय?"

"चालते म्हणजे काय मामाजी! दिवाळसणाला आम्ही हिच्यातूनच येणार. स्टँडवर दमणी पाठवू नका." (दमणी म्हणजे आमच्याकडची बसायची हलकी बैलगाडी.)

"दमनी त जुपूनच ठेवतो म्या. बैलं उभेच असतेत. पन हे गाडी माह्या दारात आपल्या पायानं आली ना, त म्या इच्यात बसून आख्ख्या बजारात चक्कर मारीन. नाही आली, त दर दिवाळीले एष्टीनं या, अन् मोटारीचं नाव नोका काढू माह्यासमोर."

झालं! त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र: शेजारी सासरे बसलेत, मी चाक धरलंय आणि सगळे व्यापारी आपापल्या गादीवरून उठून बघताहेत. त्यानंतर तरी त्यांचं माझ्याबद्दल काहीतरी मत होईल, एवढीच माझी अपेक्षा होती.

दसऱ्याच्या आधी मी मोटार गफूर मिस्त्रींकडे सर्व्हिसिंगला दिली. त्यांनी ऑईल बदललं, ग्रीस भरलं, प्लग घासून चकचकीत केले आणि चावी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "वकीलसाब, अब सीधा दिल्ली जाव! इंजन नहीं, सोना है सोना!" आणि खरंच, त्या संध्याकाळी मोटार मांजरासारखी गुरगुरत घरी आली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. घरातल्या कात्र्या, अडकित्ते, वडिलांची पट्टी, माझी कायद्याची पुस्तकं अशी सगळ्यांची पूजा आटोपून आई अंगणात आली. मोटारीला बाहेरून हळदीकुंकू लावून तिचं समाधान होईना.

"काम करतं ते आतलं यंत्र, आणि कुंकू लावायचं पत्र्याला? झाकण उघड रे."

मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्यावर प्लग रांगेत उभे होते, पांढऱ्या चिनी मातीचे, टोकाला वायर जोडलेले. आईने लगेच पदर डोक्यावरून घेतला.

"हे बघ! देव्हाऱ्यात बसावेत तसे बसलेत रांगेत. हेच मोटारीचे देव!"

तिने कुंकू पाण्यात कालवून चौघांना चांगली बोटं ओढली, वर हळद लावली, फूल वाहिलं आणि पळीभर पाणी शिंपडलं. निरांजन मात्र मी दहा हात लांबूनच ओवाळायला लावलं. (पेट्रोलजवळ दिवा आणू नये एवढं मला कळत होतं. यंत्रशास्त्रातलं माझं ज्ञान तिथेच संपत होतं.)

सुटी संपली आणि मी कोर्टात निघालो, तर मोटारीला उचकी लागली! तीन ठोके बरोबर, चौथा गायब. धक्का, मग पुन्हा तीन ठोके. कोर्टाच्या फाटकात तर ती अशी फट्कन वाजली की माझा अशील उडी मारून लिंबाच्या झाडामागे गेला. (त्याच्यावर मारामारीचा खटला होता आणि 'हा माणूस कशालाच भीत नाही' हे सरकारी वकिलांना सिद्ध करायचं होतं. त्या दिवशी मोटारीने मला केलेली तेवढीच मदत!)

मी तडक गफूर मिस्त्रींकडे गेलो. त्यांची पद्धत अशी, की आधी पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंधीने सगळं इंजिन लख्ख पुसून काढायचं आणि मग रोग शोधायचा. आम्ही वकील याला पुरावा नष्ट करणं म्हणतो. पुसून झाल्यावर त्यांनी मोटार चालू केली. मोटार पुन्हा मांजर!

"कहाँ है मिसिंग, साब?" (ठोका चुकला की मिस्त्री लोक त्याला मिसिंग म्हणतात.)

"आत्ता होती हो!"

"कार्बोरेटर में कचरा होगा. निकल गया."

मोटार घरी आली. आईने बॉनेट उघडायला लावलं आणि कपाळावर हात मारला.

"कुणी मेल्यानं पुसलं हे? म्हणूनच त्रास देतेय ती!"

मग तिने रोजचाच नेम धरला. सकाळची देवपूजा झाली की उरलेलं तीर्थ आणि ओलं कुंकू मोटारीच्या देवांना. मला बरंच वाटलं. इतके लोक इलाज करताहेत, त्यात आईचाही एक असू दे.

आणि इलाज करणारे खरंच कमी नव्हते. गफूर मिस्त्रींनी कार्बोरेटर तीनदा उघडला, पॉइंट घासले, कॉईल बदलली. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये मोटार ठणठणीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फट्! शेजारचे डॉक्टर एकदा नळी घेऊन आले. ती त्यांनी खरंच इंजिनाला लावली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "चौथा ठोका चुकतोय. माणूस असता तर मी जड काम बंद करायला सांगितलं असतं." (फी घेतली नाही. पण बसून चहा दोनदा घेतला.) गंमत अशी, की मोटार सकाळी कोर्टात जाताना रडायची आणि संध्याकाळी परत येताना सुतासारखी सरळ यायची.

"तुमच्यासारखंच," माझी बायको कुमुद म्हणाली.

दिवाळी जवळ आली तशी माझी झोप उडाली. मी गफूर मिस्त्रींना नोटीस देण्याची धमकी दिली. ते शांतपणे म्हणाले, "दे दो साब. मगर नोटीस लेके गाडी में मत आना, बंद पडेगी."

धनत्रयोदशीला सकाळी आम्ही दिग्रसला निघालो. लांबचा प्रवास म्हणून आईने साग्रसंगीत पूजा केली. इतके दिवस मी नुसता बघत होतो, पण त्या दिवशी माझाही भक्तिभाव उफाळून आला. नारळ मी स्वतः फोडला, तोही बॉनेटच्या आत, इंजिनाच्या लोखंडी कडेवर! सगळं पाणी आत सांडलं.

"बरं झालं, थेट यंत्रालाच मिळालं," आई म्हणाली.

लोहाऱ्यापर्यंत आम्ही गेलो म्हणजे काय, फटाके वाजवत गेलो. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. मागून आलेली एस.टी. आम्हाला ओलांडून गेली आणि तिच्या खिडकीतून एका म्हातारबाने मला हात जोडले. मला अगदी रडू यायच्या बेतात होतं. दर दिवाळीला याच एस.टी.त कोंबून जायचं आणि सासऱ्यांच्या दमणीत तोंड खाली घालून बसायचं!

पण ऊन चढलं, इंजिन तापलं आणि दारव्ह्याच्या अलीकडे मोटार आपोआप सुधारली. एकही ठोका चुकेना! मी लगेच ताठ बसलो आणि गिअर कसा टाकावा यावर कुमुदला दिग्रस येईपर्यंत व्याख्यान दिलं. ती मात्र बोटांवर कसला तरी हिशेब मांडत होती.

सासऱ्यांच्या दारात मोटार आली ती भोंगा वाजवत! आळी लोटली. दमणी जुंपून उभीच होती, तिचे बैल माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासरे डोक्याला फेटा बांधून बाहेर आले, शब्दाला जागून मोटारीत बसले आणि म्हणाले, "चाला."

तेवढ्यात सासूबाई तबक घेऊन धावत आल्या. "थांबा वो! गाडी पह्यल्यांदा दारात आली. आंधी तिची पूजा, मंग जवाईबापूले ओवाळतो. कुमुद, यवतमाळच्या विहीनबाई कुठी लावतेत कुंकू?"

कुमुदने जागा दाखवली. सासूबाईंचा हात मुळातच सढळ! ओलं कुंकू, हळद आणि वर तांब्यातलं पाणी. मी बॉनेट लावलं, ऐटीत मोटार चालू केली आणि…

फट्! फट्! फटाक्!

बैल बुजले. सासऱ्यांचा फेटा डोळ्यांवर आला. तो वर सरकवत ते शांतपणे म्हणाले, "दमनी वळवा रे इकडं."

"थांबा बाबा!" कुमुद एकदम ओरडली. "अहो, सकाळी पूजा झाली की मिसिंग. वाळलं की बंद. मिस्त्रींनी पुसलं की बंद. आत्ता चांगली होती, आईनं ओलं कुंकू लावलं, लगेच फट्! ते कुंकूच भोवतंय मोटारीला!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठिणगी प्लगच्या आत पडायची, तर वीज ओल्या कुंकवावरून बाहेरच्या बाहेर पळून जात होती. मी बॉनेट उघडलं, रुमाल काढला आणि प्लग पुसायला वाकलो.

"खबरदार!" सासूबाई. "दिवाळीच्या सनाले, माह्या दारात कुंकू पुसता?"

सगळ्या बायका एकसुरात, "बाप्पा बाप्पा!"

"अहो, पण ही मोटार आहे. हिचं लग्न कुठे झालंय?" मी वकिली मुद्दा काढला.

"कायचंबी असो, कुंकू ते कुंकू! पुसा त खरं, मंग पाह्यतो म्या."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते दमणीकडे बघत होते. रोग सापडला, औषध माझ्या हातात, आणि ते द्यायची सोय नाही! कोर्टात मी इतका कधीच हरलो नव्हतो. (हरलो होतो. पण इतक्या बायकांसमोर नाही.)

कुमुद पुढे आली. "आई, पुसायचं नाही ना? मग घेऊ या. मोटारीचं हळदीकुंकू! मोटारीचं बोटानं घ्यायचं आणि एकमेकींना लावायचं."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "हे चालते," त्या म्हणाल्या आणि पहिलं बोट त्यांनीच लावलं. मग काय, आळीतल्या सवाष्णींची रांग लागली. मी एकेक प्लग काढून पुढे धरत होतो आणि त्या कुंकू खरवडून घेत होत्या. कुंकवाबरोबर ग्रीसही येत होतं. सगळ्यांच्या कपाळावर अर्धं लाल, अर्धं काळं असं काहीतरी उमटलं. पण प्लग कोरडे झाले!

मी प्लग बसवून मोटार चालू केली. मांजर! मागच्या सीटवर सासूबाई, कुमुद आणि मावतील तेवढ्या सवाष्णी घुसल्या, पुढे सासरे (त्यांच्याही कपाळाला सासूबाईंनी एक बोट लावलंच), आणि आमची मिरवणूक बाजारात शिरली. व्यापारी खरोखरच गाद्यांवरून उठून बघत होते. मी पाहिलं होतं अगदी तेच चित्र!

चौकात एका शेठजींनी मोटार थांबवून सासऱ्यांना विचारलं, "आबासाहेब, गाडी झकास हाय बाप्पा! डायवर कुठून आनला?"

मी आरशात पाहिलं. हात कोपरापर्यंत काळे, सदऱ्यावर ऑईल, केसात खोबऱ्याचा तुकडा. सगळ्या मोटारीत कपाळ कोरडं असं एकच माणूस. मला ओवाळायचं राहूनच गेलं होतं.

सासऱ्यांनी कापसाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. आता मत होणार!

"यवतमाळचा हाय," ते म्हणाले. "हात बरा हाय त्याचा. फावल्या वेळात वकिलीबी करते."