बॉयलरपुढची उदबत्ती

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी कॅनडाच्या पार पश्चिम टोकाला, बर्नाबीत, बसची वाट बघत उभी होते. "वसू गेली गं…" एवढंच ते म्हणाले, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "बॉयलर?" मग ते म्हणाले, "नाही गं. हार्ट. झोपेतच गेली." माझ्या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलं नाही. त्या घरात राहिलेल्या कुणालाही आधी तेच सुचलं असतं. याला काही आठवडे उलटले, तरी फोन वाजला की अजून मला आधी बॉयलरच आठवतो.

वसुधाताई माझी सख्खी बहीण नव्हे. आम्ही नवराबायको कॅनडाच्या पूर्व टोकाला, हॅलिफॅक्सला पोचलो तेव्हा आमची मुक्ता जेमतेम पालथी पडायला लागली होती. नवऱ्याला युनिव्हर्सिटीत काम मिळालं आणि राहायला वसुधाताई आणि अविनाशभाऊजींचं बेसमेंट. दोघं मूळची नागपूरची, घर जुनं, लाकडी. बेसमेंटच्या अर्ध्या भागात आम्ही, आणि पातळशा दारापलीकडे घर गरम ठेवणारा बॉयलर. तेलावर चालणारा, लोखंडी, वयाने भाऊजींच्या बरोबरीचा. तो पेटला की धडाड आवाज व्हायचा आणि गरम पाण्याचे पाइप घरभर कण्हायला लागायचे. पहिल्या आठवड्यात मी दचकून दचकून अर्धी झाले. नवरा मात्र ढाराढूर झोपायचा, त्याचा मला अजून राग आहे.

ताई त्या बॉयलरला माझ्याहून जास्त घाबरायची. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की उदबत्ती घेऊन ती जिना उतरायची, आणि बॉयलरचा धूर जिथून चिमणीत शिरायचा तिथल्या फटीपाशी ती धरायची. उदबत्तीचा धूर आत खेचला गेला की खालूनच ओरडायची, "ओढून राहिला!" वरून पेपराआडून भाऊजींचा "हं" यायचा. मग वर जाऊन ओट्यासमोरची खिडकी बोटभर उघडी आहे ना, ते बघायची. बाकीच्या सगळ्या खिडक्यांना भाऊजींनी थंडीसाठी प्लास्टिक चिकटवलं होतं. या एकीला तिने हात लावू दिला नव्हता. "झाली का बॉयलरची आरती?" असं भाऊजी चिडवायचे. ती हसायची नाही. जाता जाता मुक्ताच्या नाकाशी बोट धरून श्वास तेवढा बघायची.

"काहून एवढी घाबरतेस ताई?" मी एकदा तिच्याच सुरात विचारलं. ती खालच्या पायरीवर बसली. तिच्या मोठ्या बहिणीचं बाळंतपण माहेरी झालं होतं, ऐन थंडीत. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीची दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवली होती, तशी सगळ्यांकडेच ठेवायचे. दुपारी दार उघडलं तर दोघंही शांत झोपलेली… "मी चहा घेऊन गेली होती," ताई म्हणाली. "कोणी ओरडलं नाही, रडलं नाही. आवाजच नसते त्या विषाला." त्यानंतर मलाही उदबत्तीची वाट बघायची सवय लागली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वर बायकांची ही गर्दी. फोडणीचा वास जॅकेटांना लागतो, ऑफिसात लोक नाकं मुरडतात, म्हणून भाऊजींनी त्याच हिवाळ्यात हॉटेलात शोभेल असा एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला होता. गुळाच्या पोळ्या, मसालेभात, भरीत… फॅन दुपारपासून घरघरत होता. कुणीतरी गारठली आणि तिने ओट्यासमोरची खिडकी लावून घेतली. तिन्हीसांजेला दोघीतिघी म्हणाल्या, डोकं जड झालंय. गर्दीने होतं, असं मीच म्हणाले. मुक्ता खाली झोपली होती.

ताई गर्दीतूनही उदबत्ती घेऊन खाली गेली. आणि नेहमीची हाक आलीच नाही. आली ती किंकाळी. "उलटा येऊन राहिला! खिडक्या उघडा, फॅन बंद करा!" मी जिन्यापर्यंत पोचते तोवर ती मुक्ताला दुलईसकट छातीशी धरून वर येत होती. पायात चप्पल नाही, तशीच मागच्या दारातून बर्फात. मुक्ताची मान तिच्या हातावरून लोंबत होती. ताई तिचे गाल थोपटत म्हणत होती, "रड गं माय, रड…" मग मुक्ता रडली. इतकं कर्कश रडणं आणि इतकं गोड मी पुन्हा ऐकलेलं नाही.

फोन करून बोलावलेल्या फायर ब्रिगेडच्या माणसांनी सगळं समजावून सांगितलं. बंद घरातली हवा फॅनने बाहेर फेकली, तिची जागा भरायला चिमणीतूनच हवा खाली आली, आणि येताना बॉयलरचा विषारी धूर घेऊन आली. तेलाचा वास फोडणीत बुडाला. शिवाय चिमणी आतून ढासळलेली. नवा बॉयलर घेणं भागच होतं, पण त्याचं धुराडं काढायचं कुठून? चिमणी बाद. एका बाजूला शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडक्या हातभर अंतरावर. दुसरीकडे ड्राइव्हवे, तिथे फावड्याने सारलेला बर्फ साचून तोंड बुजणार. पुढे छपराचा पोर्च. उरली मागची भिंत, ओट्यासमोरच्या खिडकीखालची. बॉयलरवाला म्हणाला, इथून काढतो, पण ही खिडकी कायमची बंद करावी लागेल, नाहीतर धूर तिच्यातूनच आत येईल.

मी ताईकडे बघितलं नाही. बंद खोलीच्या नुसत्या नावाने जिचा जीव गुदमरायचा, तिच्याकडे हे लोक तिची एकुलती एक उघडी खिडकी मागत होते. भाऊजीच म्हणाले, "वसू, राहू दे. दुसरा कोणी बोलावू." ताईने माझ्या कडेवरच्या मुक्ताला जवळ घेतलं. "ते खाली झोपते," ती म्हणाली. "करून टाका बंद." स्क्रू फिरत होते तेव्हा ती बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

नवा बॉयलर बंदिस्त. हवाही बाहेरूनच घ्यायचा, उदबत्ती ओढून घेईल अशी फटच त्याला नव्हती. भिंतीवर अलार्मही आला. तरी ताई रोज खाली जायचीच. उदबत्तीचा धूर सरळ वर जाताना दिसला की ओरडायची, आता हाक फक्त बदलली, "सरळ आहे!" आम्ही बर्नाबीला आलो तेव्हाही तिचं हे चालू होतं.

गेल्या आठवड्यात मुक्ताला घेऊन मी त्या घरी जाऊन आले. ओट्यासमोरची खिडकी तशीच बंद, काचेबाहेर धुराड्याची पांढरी वाफ. दिवेलागणीला भाऊजींनी, आयुष्यभर त्या उदबत्तीची टिंगल केलेल्या भाऊजींनी, उदबत्ती पेटवली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. खाली सगळं ठीक असणार हे मला ठाऊक होतं. तरी मी मुक्ताला जवळ ओढलं. "आई, what happened?" ती म्हणाली.

"सरळ आहे!" खालून आवाज आला. पेपर टेबलावर घडी न मोडता पडला होता. भाऊजी खालीच थांबले. मग पुन्हा, जरा हळू, "सरळ आहे…"

"हं," मी म्हणाले. तेव्हा कुठे ते जिना चढायला लागले.