आमच्या नणंदबाईंची बुरशी

नणंद म्हटलं की लोक कान टवकारतात, आता भांडणाची गोष्ट ऐकायला मिळणार म्हणून. आहे, भांडण आहे, नाही कशाला म्हणू? पण ते दागिन्यांवरून नव्हतं की स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून नव्हतं. आमचं भांडण माझ्या मुलीवरून होतं. तिनं शिकायला परदेशी जावं असं माझं म्हणणं, आणि जाऊ नये असं त्यांचं. वर्षानुवर्षं चाललं ते.

नणंदबाई वयानं माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणते. लग्न केलं नाही. आमच्या घरातली मागची खोली त्यांची. मातीच्या संस्थेत त्या नोकरीला होत्या. संस्था सरकारी. शेतातून, नदीकाठातून, रस्त्याच्या कडेनं माती आणायची आणि तिच्यात कोणकोणते जीव राहतात ते बघायचं, हे तिथलं काम. ताईंकडे बुरशीची खोली होती. भिंतभर कपाटं, कपाटांत काचेच्या नळ्या, नळीच्या तळाशी घट्ट खळीसारखं खाद्य आणि त्यावर एकेका जातीची जिवंत बुरशी. खाद्य संपलं की बुरशी मरते. म्हणून ते संपायच्या आत तारेची सुई दिव्यावर लाल करायची, गार होऊ द्यायची, जुन्या नळीतला कणभर तुकडा उचलायचा आणि नव्या नळीत लावायचा. याला त्या बिऱ्हाड हलवणं म्हणत. "आज माझी बरीच बिऱ्हाडं हलवायचीत, डबा लवकर दे," असं सकाळी सांगत. संस्थेत त्यांना बुरशीबाई म्हणायचे आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटे. कारण त्यांच्यामुळे मी बाजारात बुरशीबाईंची भावजय झाले होते.

देशाभिमान म्हणाल तर तो ताईंच्या अंगात जरा जास्तच. बाहेरच्या देशातलं घड्याळ हातात घालायच्या नाहीत. आपलं घड्याळ मागं पडायचं, पण चालेल, आपलं आहे.

त्या संस्थेत एक मुलगा आला. मुलगा म्हणजे चांगला शिकलेला शास्त्रज्ञ, पण ताईंच्या लेखी मुलगाच. दारातून आत येताना त्याला वाकावं लागे, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. आमच्याकडे जेवायला यायचा आणि बोलण्याच्या नादात पावाची आख्खी लादी संपवायचा. संस्थेच्या कँटीनमागं भांडी घासल्याचं पाणी सोडत, तिथल्या मातीत त्याला एक बुरशी सापडली. काचेच्या बशीत रोगाचे जंतू पसरून मधोमध ती ठेवली की तिच्याभोवतीचे जंतू मरायचे आणि एक स्वच्छ गोल पडायचा. चिघळलेल्या जखमांवर इतर औषधं चालेनाशी झाली होती, तिथं हे चालेल असं लंबूचं म्हणणं. त्यानं ते लिहून छापलं. ताईंनी ती बुरशी नळीत धरली आणि बिऱ्हाडांत तिला मानाची जागा दिली.

पुढचं काम करायला लंबूला एक कपाट हवं होतं. खूप खोल गोठवणारं. त्यात बुरशी झोपवून ठेवली की बिऱ्हाड हलवायला नको आणि ती बदलायची भीती नको. मोठे साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, म्हणाले पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणाले, त्याच्या पुढच्या वर्षी. तेवढ्यात लंबूला बाहेरून बोलावणं आलं आणि तो गेला. जाताना बुरशीची एक नळी बरोबर मागितली, तर साहेब म्हणाले, ही देशाची संपत्ती आहे, हिला सीमा ओलांडता येणार नाही. माणसानं ओलांडली तर चालत होतं.

पेपरांनी त्याला कृतघ्न ठरवलं. ताई आधी रडल्या, मग चिडल्या, आणि शेवटी आमच्याच जिन्यात त्याला म्हणाल्या, "तू परत येईपर्यंत मी हिला मरू देणार नाही." तो बरं म्हणाला. ते त्यांनी परत येण्याचं वचन धरलं.

मग वरच्या कुणाच्या तरी लक्षात आलं की आपल्या मातीतली बुरशी ही मोठी अभिमानाची गोष्ट आहे. झालं. कँटीनमागची ती जागा साफ करून तिथं भलाथोरला सिमेंटचा ओटा बांधला. त्यावर काचेचं कपाट, कपाटात दिवा, दिव्याखाली नळी, आणि पाटीवर लिहिलं की इथल्या मातीनं जगाला औषध दिलं. औषध अजून कुणाला दिलं नव्हतं, पण पाटी लिहिणाऱ्याला कोण विचारतो? शाळांच्या सहली यायला लागल्या, पाहुणे यायला लागले, बुरशी प्रदर्शनांना जाऊन यायला लागली.

काचेच्या कपाटात नेहमी ताजी नळी लागे. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा ताई नळ्या निवडत होत्या, तांदूळ निवडावेत तशा. एका नळीतली बुरशी मळकट, चुरगळलेली, पिवळा घाम फुटलेली. दुसरी पांढरीशुभ्र, कापसासारखी फुगलेली. त्यांनी पांढरीतला कण उचलून पुढच्या नळ्यांना लावला. मळकट तशीच मागं राहिली. मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "पाहुण्यांपुढं देशाची बुरशी अशी अवकळा आलेली ठेवू का?" मलाही ते पटलं.

माझी मुलगी हुशार निघाली. कुणावर गेली देव जाणे. माझ्यावर नाही आणि यांच्यावर तर नाहीच, यांना पेपर उघडून त्यामागं बसण्याखेरीज दुसरा छंद नाही. तिला बाहेरच्या विद्यापीठानं बोलावलं. मी म्हटलं, जा. ताई म्हणाल्या, आपलं औषध आपल्या पोरीनं करावं, आपणच उठून गेलो तर करायचं कुणी? आणि बुरशी जिवंत आहे, तयार आहे, कुणीतरी हात लावायची वाट बघते आहे. आत्याचा शब्द तिला लहानपणापासून शेवटचा. ती राहिली, संस्थेत लागली, बुरशी हातात घेतली.

आणि गोल पडेना.

बशीत जंतू पसरायचे, मधोमध बुरशी ठेवायची, आणि बघायचं तर जंतू तिच्या अगदी अंगाला अंग लावून वाढलेले. मुलीनं खाद्य बदललं, ऊब कमी-जास्त केली, जंतू बदलले. काही नाही. लंबूनं छापलेलं वाचून वाचून तिला पाठ झालं. एकदा तिनं हळूच विचारलं, "आत्या, बुरशीच बदलली नसेल ना?" ताईंनी तिच्याशी अबोला धरला. आपल्या हातात कधी काही नासलं नाही, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं भिंतीला सांगितलं. मग मुलीनं परवानगी मागितली की एक नळी लंबूकडे पाठवू, तो बघून सांगेल. साहेबांनी तेच सीमेचं तुणतुणं वाजवलं, आणि ताईंनी साहेबांची री ओढली. तो परत येईल तेव्हा इथं बघेल, म्हणाल्या.

वर्षं जात राहिली. मुलगी बोलेनाशी झाली. एकदा कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "आई, माझ्याच डोक्यात काही नाही. तो करू शकला, मला जमत नाही." मला ते फार लागलं. लहानपणी जिनं घरातला रेडिओ खोलून परत जोडला, ती पोर स्वतःला मठ्ठ म्हणत होती. त्या दिवशी मी ताईंना वाटेल ते बोलले. म्हटलं, तुमचा देश तुमच्यापाशी ठेवा, माझी मुलगी मला परत द्या. त्या म्हणाल्या, धीर धर. धीर धरायला त्यांचं काय जात होतं?

मग तिकडे लंबूला मोठं पारितोषिक मिळालं. भलत्याच कामासाठी, या बुरशीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तोवर तो तिकडचा नागरिकही झाला होता. पण इथं मेल्या म्हशीला मणभर दूध. कृतघ्न म्हणणाऱ्या पेपरांनी पहिल्या पानावर 'आपला' छापलं. तो लहानपणी ज्या नळावर पाणी पीत होता तिथले फोटो आले. संस्थेनं त्याच्या सत्काराचा कार्यक्रम ठेवला, ओट्यावरच. बुरशी सांभाळल्याबद्दल ताईंचाही सन्मान करायचं ठरलं. ताईंनी नवी साडी घेतली. त्यांना वाटत होतं, तो नळी बघेल आणि राहील. असं त्या बोलल्या नाहीत, पण आपली मागची खोली त्याच्यासाठी झाडून घेतली, तेव्हा मी काय ते समजले.

कार्यक्रमाच्या आधी तो बुरशीच्या खोलीत आला. तसाच वाकून. केस पिकलेले. मुलगी एका बाजूला उभी, मी दारात. ताईंनी नळी त्याच्या हातात ठेवली, तान्हं मूल ठेवावं तशी. त्यानं ती उजेडात धरली, फिरवून बघितली, आणि म्हणाला, किती देखणी झालीय. ताई फुलून आल्या. मग तो म्हणाला, "आणि ती पिवळी कुठंय? चुरगळलेली, घाम येणारी?"

ताई म्हणाल्या, तशा निघायच्या अधूनमधून, आजारी. त्या मी पुढं लावल्या नाहीत. दर वेळी चांगली चांगलीच तेवढी निवडली.

तो नळीकडेच बघत राहिला. त्याला सांगायचं नव्हतं, हे मलासुद्धा दिसत होतं. पण मुलगी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्यासमोर त्याला खोटं बोलवेना.

"ताई," तो म्हणाला, "औषध ती आजारीच करत होती."

पुढं त्यानं समजावून सांगितलं. औषध करायला बुरशीला फार कष्ट पडतात, म्हणून ती खंगलेली दिसते. ज्या तुकड्यानं ते काम सोडलं तो खाऊनपिऊन फुगतो, पांढरा होतो. दर बिऱ्हाडात तोच निवडला, की काम करणारी जात मागं राहते आणि संपते. मुलीनं एकच विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, तू इथं लागायच्या बऱ्याच आधीपासून. मुलगी खाली बसली. एवढी वर्षं ती रिकाम्या विहिरीत पोहरा सोडत होती, आणि विहीर रिकामी आहे हे कुणी तिला बघू दिलं नव्हतं.

ताई रडल्या नाहीत. पदर नीट केला आणि कार्यक्रमाला गेल्या.

ओट्यावर भाषणं झाली. देश, माती, मान, सगळं झालं. मग ताईंना माईकपाशी बोलावून मानचिन्ह दिलं. त्यांनी ते खाली ठेवलं. म्हणाल्या, "या काचेत जे आहे ते काही कामाचं नाही. ते मी बिघडवलं. पाहुण्यांना दाखवायला बिघडवलं. आणि माझ्या भाचीची वर्षं फुकट घालवली. खरी बुरशी कुठं उरली असलीच, तर आपण बसलोय त्या ओट्याखाली असेल. हा ओटा फोडा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढ्या वाजवल्या! मोठे साहेब माईकवर येऊन म्हणाले, एवढं करून केवढी ही नम्रता. पुन्हा टाळ्या. लंबू तेवढा मान खाली घालून बसला होता.

ताईंनी नंतर ओटा फोडण्यासाठी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की तो राष्ट्रीय स्मारक आहे, त्याला धक्का लावता येणार नाही. मुलीनं कडेकडेची माती उकरून बघितली, पण भांड्यांचं पाणी बंद होऊन जमाना झाला होता. काही मिळालं नाही.

लंबूनं जाताना मुलीला आपल्या प्रयोगशाळेत ये म्हणून सांगितलं होतं. ती काही ठरवेना. एक दिवस जेवताना तिनं विचारलं, "आत्या, तू काय म्हणतेस?" माझ्याकडे बघितलंही नाही, मी आई असून. ताईंनी घास खाली ठेवला.

"जा," त्या म्हणाल्या. "आणि परत ये असं मी म्हणणार नाही. इथं आम्ही तुला काचेत ठेवू."

मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं तेच तर मागत होते. पण पोर सामान भरायला लागली आणि मीच आडवी आले. म्हटलं, अगं, थोडी थांब, हवा बदलू दे, घाई काय आहे? ताईच तिच्या पिशव्या भरत होत्या.

गेली. तिकडे तिचं चांगलं चाललंय. कशावर काम करते ते मला फोनवर समजावून सांगते आणि मी हो हो म्हणते. आता तिथं तिचंही नाव झालंय, म्हणून संस्थेच्या फाटकापाशी लंबूच्या शेजारी तिचा फोटो लागलाय. ताई बघायला गेल्या नाहीत. मी गेले. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. आणि तिथं उभी असतानाच रागही आला. कुणाचा, ते माझं मला कळलं नाही.

आमचं भांडण काही मिटलेलं नाही. संध्याकाळी भाजी निवडायला बसलो की मी म्हणते, "ताई, तुमचंच बरोबर होतं. जाऊ द्यायला नको होतं तिला. इथं दुसरं काहीतरी सापडलं असतं." त्या म्हणतात, "नाही गं, तुझंच बरोबर होतं. पहिल्यांदा बोलावलं तेव्हाच जायला हवी होती." मी म्हणते तुमचं, त्या म्हणतात तुझं. दोघींचा आवाज चढतो. पेपरामागून हे वैतागून म्हणतात, एकदा काय ते ठरवा बाई दोघी. मग आम्ही दोघीही पुन्हा भाजी निवडायला लागतो, कारण आता आमच्याकडे ठरवण्यासारखं काही राहिलेलं नाही.