सुमनताईंच्या फाटकातली दुर्वा

सुमनताईंना शेजारणीचं काही बघवत नाही असं म्हटलं तर तो अन्याय होईल. अपर्णाबाईंच्या मुलाची बंगळूरची नोकरी त्यांना बघवली, भिंतभर टीव्ही बघवला, साठीतले काळेभोर केससुद्धा बघवले. बघवली नाही ती एकच गोष्ट, अपर्णाबाईंच्या अंगणातली हिरवळ.

तिकडे हिंदी मुलखात, शिंदे की छावनीतल्या त्या गल्लीत या दोन घरांच्या मधे भिंत नाही, नुसती तार आहे. त्यामुळे हेवा करायला टाचा उंच कराव्या लागत नाहीत. अलीकडे सुमनताई आणि त्यांचे यजमान मल्हारराव. पलीकडे दोन वर्षांपूर्वी अपर्णाबाई राहायला आल्या, यजमान गेल्यानंतर एकट्याच. आल्या आल्या त्यांनी अंगण खणून बारीक पात्याचं कार्पेट घास लावून घेतलं. त्यात परकं पातं शोधून सापडायचं नाही. आणि सुमनताईंकडे सासऱ्यांनी लावलेली जुनी दूब, म्हणजे आपली दुर्वाच, आणि तिच्यात माजलेला मोथा. मोथ्यासारखं निर्लज्ज तण दुसरं नसेल. वरून उपटावा तर गाठ जमिनीतच राहते आणि चार सरी पडल्या की एकाचे चार होऊन तो पुन्हा हजर.

आता या दुबीचं महत्त्व सांगायला हवं. सुमनताई जन्मात कशात पहिल्या आल्या नव्हत्या. इंदरगंजातल्या एका वकिलांकडे त्यांनी आयुष्यभर टायपिंग केलं, तिथे त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. जावांमध्ये थोरली सुगरण, धाकटी गोरी, आणि या मधल्या. पण गणेश चतुर्थीची सकाळ मात्र त्यांची असे. गल्लीतल्या मराठी बायका न्हाऊन, हातात ताटली घेऊन त्यांच्या फाटकाशी येत. बाड्यावरच्या बाजारात दुर्वांच्या जुड्या विकत मिळतात, तरी येत. सुमनताई इरकल नेसून मधोमध उभ्या राहत आणि हुकूम सोडत, "तिकडची नको ग, जून झालीय. ही बघ कोवळी, तीन पानांची." त्या एका सकाळवर बाई अख्खं वर्ष काढायच्या.

श्रावणात समोरची गरिमा तारेपाशी थबकली आणि म्हणाली, "काकू, अपर्णा काकूंची लॉन देखी? क्या मेंटेन केलीय! बसून चहा प्यावासा वाटतो." सुमनताईंनी मनात लगेच हिशेब मांडला. आज चहा, उद्या ताटल्या. बायका एकदा त्या फाटकाशी थांबायला लागल्या की मग आपल्या फाटकाला कोण विचारतंय?

"रोज सकाळी पाटावर बसून ती गवतात काय करत असते हो?" त्यांनी मल्हाररावांना विचारलं.

"तण काढत असेल."

"इतकं साफ हातानं होतं होय? औषध मारते. लबाड आहे, सांगत नाही इतकंच."

झालं. सुमनताई टेंपोत बसून लष्करच्या बाजारात गेल्या आणि तणनाशक घेऊन आल्या. दुकानदार म्हणाला होता, "दूब को कुछ नहीं होगा माताजी, सिर्फ मोथा मरेगा. एक बार काफी है." बाईंनी दोनदा मारलं. मारताना तारेला जुनी चादर बांधली, कारण औषधाचा एक थेंबही पलीकडे फुकटात जाता कामा नये. मोथा पिवळा पडला, मान टाकून झोपला. दूब तेवढी राहिली, अशी तजेलदार की मल्हाररावसुद्धा चष्मा पुसून बघायला लागले. त्या संध्याकाळी सुमनताईंनी दोन वर्षांत पहिल्यांदा पलीकडे बघितलं आणि त्यांचा जीव जळला नाही.

चतुर्थीला सकाळी बायका आल्या.

"काकू, ये तो कमाल हो गया!" गरिमा ओरडली. "मोथा गेला कुठे सगळा?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तर सुमनताई पहाटेपासून तयार होत्या. "औषध मारलं," त्या ऐटीत म्हणाल्या. "दोनदा! एक गाठ शिल्लक ठेवली नाही."

दुर्वा खुडायला वाकलेले हात तिथेच थांबले. बायकांमधल्या वडीलधाऱ्या दुर्गावहिनी कंबरेवर हात ठेवून सावकाश उभ्या राहिल्या.

"कधी मारलंत, सुमनताई?"

"झाले की आठ-दहा दिवस."

"मग ही देवाच्या डोक्यावर कशी ठेवायची हो? विष मारलेली?"

कुणी टाकून बोललं नाही, आणि तेच वाईट. गरिमा म्हणाली, "कोई बात नहीं काकू, पुढच्या वर्षी." तेवढ्यात तारेपलीकडून अपर्णाबाईंचा आवाज आला.

"इकडे या ना! कडेला या पावसात खूप दूब आलीय, सुमनताईंकडूनच तारेखालून सरकत आलेली. उपटणारच होते, पण म्हटलं चतुर्थी होऊ दे."

"आणि औषध?" दुर्गावहिनींनी विचारलं.

"छे! मला वाससुद्धा सहन होत नाही. मी आपली खुरपी घेऊन बसते. घरात बोलायला कोण आहे? तेवढीच सकाळ निघते."

बायका गेल्या. पलीकडे खुर्च्या निघाल्या, चहा झाला, हसणं ऐकू यायला लागलं. सुमनताई इरकल नेसून रिकाम्या अंगणात उभ्या राहिल्या. मल्हारराव दारातून हळूच म्हणाले, "अगं, आपल्याही गणपतीला एकवीस लागतील ना." त्या क्षणी त्यांना नवऱ्याचाही राग आला.

सगळ्या गेल्यावर त्या ताटली घेऊन रस्त्यानं वळसा घालून गेल्या. अपर्णाबाईंनी निवडून ठेवलेली कोवळी जुडी पुढे केली. त्यांचा चेहरा फुलला होता. "ताई, या घरात आल्यापासून पहिल्यांदा इतकी माणसं आली हो. पुढच्या वर्षीही कडेची दूब राहू देऊ ना?"

इथे सुमनताईंचं मन विरघळलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते विरघळलं नाही. त्यांना एक खरा आणि सोयीचा सल्ला सुचला.

"छे छे, आजच उपटून टाका. एकदा का कार्पेटमध्ये शिरली की दूब निघत नाही. तुमचं सगळं गवत खाऊन टाकेल."

"खाऊ दे की," अपर्णाबाई हसून म्हणाल्या. "बायका तर येतील."

सुमनताई जुडी घेऊन उभ्याच राहिल्या. ज्या हिरवळीपायी त्यांनी दोन वर्षं जिवाचा नुसता जळफळाट केला होता, ती ही बाई एका सकाळच्या बदल्यात हसत हसत सोडायला निघाली होती. आणि त्या क्षणी सुमनताईंना तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा तो हिरवळीचाही कधी वाटला नव्हता.