उताणं पडायचा धडा

रविवार, ६ मे १९८४, अंधेरीचा पोहण्याचा तलाव. हजर: मी, खोल पाण्याचा पास मिळवलेल्या माझ्या दोन मुली आणि हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ.

पाससाठी दोन मिनिटं उताणं तरंगायचं होतं. मी तिसऱ्यांदा बुडालो, तेव्हा गृहस्थांनी मानेखाली दोन बोटं लावून मला वर धरलं. समुद्रात पडलेल्या वैमानिकांना वाचवणाऱ्या तुकडीला आणि खुद्द वैमानिकांनाही ते शिकवत असत.

"बाबा, मोजू का?" मुली खिदळल्या.

"हल्ल्याला जाणारे वैमानिकही असेच," गृहस्थ म्हणाले. "सगळं येतं त्यांना. गप्प पडून दुसऱ्याला वाचवू द्यायचं, एवढं शिकवताना माझी वाट लागायची. साहेब, आत्ता डोक्यात काय चाललंय?"

"दळण, रॉकेल, चपलांची शिलाई."

त्यांनी बोटं काढली. मी खाली गेलो.

ती तिन्ही कामं दुपारपर्यंत उरकली. पास अजून काढायचा आहे.