कुंपणाकडची ओळ

अंबाडी खुडली की बोटांना आंबट वास राहतो, आणि त्या वासानं मला निर्णा गावाजवळची ख्रिस्ती वस्ती आठवते. निजामाचं राज्य होतं, त्या साली पाऊस नव्हता. गावच्या आडावर या लोकांना मज्जाव, म्हणून त्यांनी प्रार्थनाघरामागच्या लाल मातीत स्वतः आड खणून भाजी लावली होती. त्या मज्जावाविरुद्ध पत्रक काढायला मी गेलो होतो. अंबाडीची कुंपणाकडची ओळ मात्र कुणी खुडत नव्हतं. "ती कामून सोडली, अक्का?" बाग राखणाऱ्या म्हातारीला मी विचारलं. "आमच्या शास्त्रात हाय, कडेचं पीक उपाशी माणसाचं." "आणि तुमचं पाणी तोडणारे आले तर?" एवढ्यात गावाकडून तोंडावर पदर ओढलेली एक बाई आली. म्हातारीनं माझा दंड धरून मला फिरवलं. "पाठ कर. तू बघायलास, ती रिकामी जाईल." मी चिडलो. "आडावर तुम्ही बाटलेले, आणि भाजी तेवढी सोवळी? एकदा विचारू तर द्या." "तुझं पत्रक शिजवून तिची लेकरं जेवणार हायेत व्हय? गप उभा ऱ्हा." मागं देठ मोडल्याचे आवाज आले आणि थांबले, ती ओळ संपत आली होती. म्हातारी समोरच्या भिंतीला सांगावं तशी मोठ्यानं म्हणाली, "औंदा आतल्या वाफ्यात वांगी लई लागल्यात बाबा." मग ओल्या मातीत पावलं वाजली, ती आत येत होती. पत्रकं मी आजही रागानंच लिहितो. पण ती वांगी कुणाच्या बागेतली म्हणून त्या बाईनं घरात सांगितली असेल, हे कुतूहल अजून जात नाही.