न्हाणीमागची वांगी

वांग्याचं भरीत दिसलं की मला आजही ओकारी येते. लोक म्हणतात, नागपूरची असून भरीत खात नाही? नाही खात. आमच्या परसातली वांगी कशावर पोसली होती ते मी पाहिलं आहे.

आम्ही राहायचो त्या हुडकेश्वरकडे तेव्हा घरांपेक्षा शेतंच जास्त होती. वडील कचेरीत कारकून, पण त्यांचा सगळा जीव परसातल्या भाजीत. विकतची भाजी घरात आली की त्यांना अपमान झाल्यासारखं वाटे. न्हाणीच्या मोरीपासून चर खणून त्यांनी घरातलं सांडपाणी वांग्यांच्या वाफ्यात सोडलं होतं. आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, इथवर ठीक होतं. पण एका वर्षी दसऱ्यानंतर आजोबांनी अंथरूण धरलं आणि त्यांचं सगळं अंथरुणातच होऊ लागलं. आई रोज पहाटे ती बरबटलेली धोतरं आणि गोधड्या न्हाणीत धुवायची. ते पिवळं पाणीही त्याच चरातून वाफ्याकडे जायचं.

"हे पाणी तरी बाहेर सोडा जी," आई म्हणाली. "पोरं खातात ते वांगे."

"झाडाले काय समजते?" वडील म्हणाले. "खत आहे ते. पाहजो, कसे वांगे येतात."

आणि आली की! काळीभोर, तुकतुकीत, रोज टोपलीभर. शेजारी वाखाणत, वडील मिशीत हसत. आजोबासुद्धा पडल्या पडल्या भरीत मागून खात. मी ताटातलं भरीत भाकरीखाली लपवायची. वडिलांना दिसलं की पाठीत धपाटा. घरचं सोनं टाकते म्हणे.

ऐन थंडीत सावनेरहून निरोप आला. आईची आई अत्यवस्थ होती आणि तिनं लेकीचा धोसा घेतला होता. आई गेली तर आजोबांचं कोण करणार? वडिलांनी स्वतः चार दिवस रजा काढून बापाचं करावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांच्या तर नाहीच. त्यांनी इतवारीहून आपल्या बहिणीला, आमच्या थोरल्या आत्याला, चार दिवसांसाठी बोलावून घेतलं. आईनं सकाळीच आपले कपडे पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली.

आत्या आली. आजोबांच्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबली आणि पदर नाकाला लावला.

"मले नाही होत वं हे. मळमळून राहिलं."

सख्ख्या बापाला पाहून! मग ओट्यावर बसून तिनं आईच्या हातचं भरीत दोनदा मागून घेतलं, बोटंही चाटली. मळमळ कुठे गेली कोण जाणे. खायला आधी, झोपायला मधी, कामाला कधी कधी, ही म्हण बहुधा तिला पाहूनच कुणीतरी केली असावी. दिवस मावळायच्या आत ती वांग्यांची पिशवी भरून इतवारीला परत गेली. आईची पिशवी दाराशी तशीच राहिली.

पुढे सावनेरची आजी गेल्याचाच निरोप आला. तेव्हा मात्र आजोबांना शेजारणीवर सोपवून आईला जाऊ दिलं. ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिला तिच्या आईचं तोंड दिसलं नाही. परत आली ती सरळ न्हाणीत गेली, कारण तिच्या मागे साठलेले कपडे तिथंच पडले होते.

उन्हं तापली तरी वांगी संपेनात. आई त्यांच्या चकत्या करून, मीठ लावून, बाजेवर जुनं लुगडं अंथरून वाळवायची. आमच्याकडे त्यांना उसऱ्या म्हणतात. पावसाळ्यात भिजवल्या की भाजी होते. माश्या नुसत्या घोंगावायच्या. डबे भरले, आणि वैशाखात आजोबा गेले.

आत्या गळा काढून रडली. रडून, तेरवीचं जेवून झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि आईपुढे पिशवी धरली.

"उसऱ्या दे वं थोड्या. बाबाच्या परसातल्या आहेत, आठवण राहीन."

आईनं पिशवी तोंडापर्यंत भरली, गाठ मारली. आजोबांना ती मामाजी म्हणायची. पिशवी हातात देता देता नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "ताई, मामाजीचे हगलेले कपडे धुतले की ते पाणी याच वांग्यांले जात होतं. हिवाळाभर. तुम्ही भरीत खाल्लं तेव्हाही."

वडील दारातच उभे होते. ते अंगणाकडे पाहू लागले.

आत्यानं पदर नाकाला लावला, बापाच्या उंबऱ्यावर लावला होता अगदी तसाच. आईकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातानं पिशवी छातीशी घट्ट धरून ती रिक्षात जाऊन बसली.